पुसलीं गेलेलीं नाटकें

पोथ्यांस वाळवी लागली, ओल लागली, तरी एखाद्या मठांत किंवा माजघरांतील पेटींत एखादी नक्कल उरली असेल, ही आशा संशोधक सहसा सोडीत नाहीं. महानुभावांचें वाङ्मय कित्येक शतकें सांकेतिक लिपींत बंदिस्त होतें. तरी विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांस त्या लिपीची किल्ली लाभली, आणि मराठी गद्याच्या आरंभाचा इतिहास नव्यानें लिहावा लागला. नक्कल उरली होती म्हणून हें घडलें. ती उरलीच नाहीं तर काय होतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं इंग्लंडांतील दूरचित्रवाणी-नाटकांचा इतिहास अवश्य पाहावा.

आरंभींच्या काळांत हें नाटक रंगभूमीवरील प्रयोगासारखेंच असे. नट कॅमेऱ्यापुढें उभे राहत, त्याच क्षणीं प्रेक्षक घरीं बसून पाहत, आणि प्रयोग संपला कीं सारें संपे. नायजेल नील यांची 'द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट' ही मालिका बी.बी.सी.नें १९५३ सालीं सहा भागांत सादर केली. त्यांपैकीं पहिले दोनच भाग फिल्मवर उतरून घेतलेले आज उपलब्ध आहेत. ऑर्वेलच्या कादंबरीवरून नील यांनींच रचलेलें 'नाइन्टीन एटी-फोर' हें नाटक रुडॉल्फ कार्टिये यांच्या दिग्दर्शनाखालीं १२ डिसेंबर १९५४ रोजीं झालें. त्यावर एवढें काहूर माजलें कीं पार्लमेंटांतहि त्याचे पडसाद उमटले. चार दिवसांनीं सर्व नटसंच पुन्हां कॅमेऱ्यापुढें उभा राहिला. आज आपणांस दिसतो तो हाच दुसरा प्रयोग होय. पहिला विरून गेला.

१९५६ सालीं व्हिडिओफीत आली, तेव्हां ही अडचण दूर व्हावयास हवी होती; परंतु घडलें उलटेंच. फीत महाग होती, आणि पुसून पुन्हां वापरतां येण्यासारखी होती. नटांच्या संघटनेशीं झालेल्या करारांमुळें जुना प्रयोग पुनःपुन्हां दाखविण्यावर बंधनें होतीं. जें पुन्हां दाखवितां येत नाहीं तें ठेवावयाचें कशाला, असा सरळ व्यवहारी विचार झाला, आणि सुमारें १९७८ पर्यंत फिती पुसण्याचा क्रम चालू राहिला. पुढें फार मोठा गणला गेलेला नाटककार डेनिस पॉटर याचें १९६५ सालचें 'द कॉन्फिडन्स कोर्स' हें नाटक अशाच रीतीनें नाहींसें झालें. यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. केवळ हिशेब होता. जें पुसलें जात होतें तें वाङ्मय आहे, एवढीच गोष्ट त्या हिशेबांत धरलेली नव्हती.

हा हिशेब बदलला तो घरगुती व्हिडिओमुळें. १९७५ सालीं बीटामॅक्स व १९७६ सालीं व्ही.एच.एस. हीं यंत्रें बाजारांत आलीं. १९८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें घरीं पाहण्याकरितां कार्यक्रम टिपून घेणें वैध ठरविलें. कॅसेटमागून डीव्हीडीची तबकडी आली, आणि जुन्या नाटकास प्रथमच विक्रीची किंमत आली. ज्यास किंमत येते तें जपलें जातें, हा जगाचा न्यायच आहे. डेव्हिड रडकिन यांचें 'पेंडाज फेन' हें नाटक १९७४ सालीं अॅलन क्लार्क यांच्या दिग्दर्शनाखालीं दाखविलें गेलें. एका पाद्र्याच्या घरांत वाढलेला, देशाभिमानानें ताठलेला, एल्गारच्या संगीतांत रमणारा तरुण मुलगा. आपण दत्तक आहोंत हें त्यास कळतें आणि त्याच्या सर्व निश्चित कल्पना ढांसळतात, असें त्याचें कथानक. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें तें २०१६ सालीं तबकडीवर आणलें. तें पाहिल्यावर, कादंबरीच्या तोडीचें चिंतन या माध्यमांत होऊं शकतें, याविषयीं शंका उरत नाहीं.

अशा अपरिचित कृतींचें परीक्षण करणारावर मात्र एक विशेष जबाबदारी येते. जें विसरलें गेलें तें हीन असलें पाहिजे, ही एक भूल. जें दुर्मिळ तें थोर असलें पाहिजे, ही दुसरी. विस्मरण हा पुष्कळदां रसिकांचा निकाल नसून कोठारांतील जागेचा निकाल असतो. आणि उरणें हाहि गुणाचा पुरावा नव्हे. म्हणून आपल्यापुढें असलेली प्रत कोणती, हें परीक्षकानें आधीं सांगावें, मग गुणदोष सांगावे. नील यांचेंच १९६८ सालचें एक भविष्यकालीन नाटक घ्या. प्रजेस सदैव तमाशे दाखवून गुंगवून ठेवणाऱ्या राज्याचें त्यांत चित्र आहे. त्याच्या नांवाचा उच्चार या पानांत केला नाहीं तरी चालेल. तें रंगीत दाखविलें गेलें होतें. उरली आहे ती कृष्णधवल प्रत, आणि २००३ सालीं तबकडीवर आली तीहि तीच. त्यांतील करड्या, उदास वातावरणाची जो तारीफ करील, तो लेखकाची किंवा दिग्दर्शकाची नव्हे, तर एका अपघाताची तारीफ करील.

आपणांस या बाबतींत परक्यांस हंसण्याचा अधिकार नाहीं. १९३१ सालच्या 'आलम आरा' या आपल्या पहिल्या हिंदी बोलपटाची एकहि प्रत ज्ञात नाहीं; पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं. इंग्रजांस निदान एकदां दैवानें हात दिला. न्यूयॉर्कच्या एका वाहिनीकडे पूर्वीं पाठविलेलीं साठांहून अधिक ब्रिटिश नाटकें वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें असल्याचें २०१० सालीं उघडकीस आलें. ज्यांनीं तीं जपलीं त्यांनीं त्यांचें गुणवर्णन केलें होतें असें नव्हे. त्यांनीं तीं फक्त टाकून दिलीं नाहींत. एखादें नाटक सामान्य आहे असा आज झालेला निकाल उद्यांचा रसिक फिरवूं शकेल, पण त्यासाठीं तें त्याच्यापुढें असावें लागतें. तेवढी सोय करून ठेवणें हें प्रत्येक पिढीचें पुढच्या पिढीस देणें आहे.