बॅगेतला लाल फिल्टर

परवा बॅग रिकामी केली, तर तळाशी माझा लाल फिल्टर सापडला. चाव्यांना घासून पार ओरखडलेला. आणि मला १० एप्रिल १९२७ चा दिवस आठवला.

पंचवीस वर्षांचा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स योसेमिटीत, जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा पाठीवर घेऊन हाफ डोमसमोरच्या कड्यावर चढला होता. शेवटी दोनच प्लेटा उरल्या. एक त्याने पिवळ्या फिल्टरने घेतली. मग वाटलं, छे, यात आकाश फिकं येणार, त्या सुळक्याचा दरारा उतरणार नाही. म्हणून शेवटच्या प्लेटेला गडद लाल, रॅटन २९ नंबरचा फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे आकाश जवळपास काळं आलं. तोच त्याचा गाजलेला 'मोनोलिथ'.

रॅटन फिल्टर म्हणजे मुळात रंगवलेल्या जिलेटिनचा पातळ पापुद्रा. त्याला ओल सोसत नाही, बोटाचा ठसाही सोसत नाही. म्हणून तो दोन काचांमध्ये चिकटवलेलाही मिळायचा. पण काच म्हटली की तडकायची भीती आलीच.

वाटेत तो फिल्टर खराब झाला असता तर? प्लेट होती, कडा होता, फोटो मात्र वेगळाच आला असता.

मी आता प्रत्येक फिल्टरला वेगळी मऊ खोळ केलीये. तुमच्या बॅगेच्या तळाशी काय आहे, बघा बरं!