पार घाटाची तुटक रेघ

पोलादपूर तालुक्यातल्या किनेश्वरहून प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावाकडे चढणारा पार घाट आता रानात बुजत चालला आहे. महाडच्या खाडीत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर देशावर चढायचा, तो असल्याच घाटवाटांनी. १६५९ मध्ये अफजलखानाच्या फौजेचा तळ पारलाच पडला होता. पुढे १८७१ ते १८७६ या काळात आंबेनळी घाटाचा गाडीरस्ता झाला, वर्दळ तिकडे वळली आणि पार घाट मागे पडला. अशा वाटेचा माग आज आकाशातून काढता येतो. पण वरून पाहणाऱ्यांची या मुलखातली परंपरा बरीच जुनी आहे, आणि त्यांतल्या कुणालाच वाटेचा इतिहास नको होता.

पहिले पाहणारे किल्ल्यांवरचे. वरंध घाटावर कावळ्या, ढवळ्या घाटाच्या बाजूला चंद्रगड. त्यांना शत्रू हेरायचा होता आणि घाटातल्या मालाची जकात चुकू द्यायची नव्हती. मग इंग्रजी अमलात मोजणीदार आले, ते शेतसाऱ्यासाठी. जाता जाता त्यांनी गाव नकाशात वाटाही टिपल्या: गाडीवाट तुटक दुहेरी रेघेनं, पायवाट तुटक एकेरी रेघेनं. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरली गेली.

बुजलेल्या खुणा विमानातून शोधण्याचं काम शास्त्र म्हणून रुजवलं ते ओ. जी. एस. क्रॉफर्ड या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं. पहिल्या महायुद्धात तो विमानातून टेहळणी करत असे. १९२८ मध्ये अलेक्झांडर कीलरसोबत त्यानं ‘वेसेक्स फ्रॉम द एअर’ हे पुस्तक काढलं. गाडलेल्या खंदकावरचं पीक जोमदार वाढतं, पुरलेल्या भिंतीवरचं खुरटतं. हा फरक शेतात उभं राहून कळत नाही, वरून कळतो. पुढे अमेरिकेच्या ‘करोना’ हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टिपलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. शोध क्षेपणास्त्रांचा होता, पण हाती जुन्या वाटा आणि बुजलेले कालवेही लागले.

महाड-पोलादपुरात क्रॉफर्डची युक्ती चालत नाही. इथं सपाट शिवार थोडं. भाताची खाचरं चिंचोळी, बाकी डोंगरउतार. पावसाळ्यात ढग, नंतर सगळं एकसारखं हिरवं. चित्र बोलतं ते शिमग्यानंतर, गवत वाळल्यावर किंवा वणव्यानं उतार उघडा पडल्यावर. त्यातही बरेच उपग्रह सकाळी दहा-साडेदहाला डोक्यावरून जातात. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू पश्चिमेला तोंड करून असल्यानं हिवाळ्यात तेव्हा कड्यांच्या पोटाशी सावलीच असते.

वाट कोणाची, हे तिच्या वळणावरून ओळखायचं. लादलेल्या बैलाला खडी उतरण झेपत नाही, म्हणून बैलवाट सोंडेवरून लांब नागमोडी जाते, पदरात विसावते आणि मग खिंड गाठते. पायी माणूस सरळ नाळेत घुसतो. फसव्या रेघाही पुष्कळ: वनखात्याच्या जाळरेषा, विजेच्या तारांखालची तोड, चरणाऱ्या गुरांनी उतारावर पाडलेल्या आडव्या पायऱ्या. २२ जुलै २०२१ च्या पावसात तळीये आणि साखर-सुतारवाडीला दरडी कोसळल्या. असे ओरखडेही वरून रेघांसारखेच दिसतात. मात्र दरड सरळ खाली येते, वाट उतार चुकवत जाते.

हद्दीचंही तसंच. गावाची शीव बहुधा दांडावरून किंवा पऱ्यातून जाते. ती मधेच दोन्ही सोडून उतारावर विनाकारण वळत असेल, तर तिथं कधीकाळी शिवेवरची वाट होती का, हे तपासावं. चित्र, गाव नकाशा आणि पायाखालचा घासलेला दगड, तिघांची साक्ष जुळली तरच ती वाट म्हणावी.

२४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेचे ड्रोन गावठाणापुरतेच उडतात, कारण त्यांना घरांच्या मिळकतपत्रिका करायच्या असतात. शिवारातली वाट त्यांच्याही कक्षेबाहेर राहते. म्हणून वाट अडली की जुनी मोजणीच कामी येते. कुणी तारेचं कुंपण घातलं, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. तिथं उपग्रहाचं चित्र नुसतं पुढे ठेवून भागत नाही. आधी पाहिली जाते ती साऱ्यासाठी आलेल्या मोजणीदारानं ओढलेली तुटक रेघ.