झाडी आणि कॅलेडोनिया

भंडाऱ्याशेजारच्या शहापुराचें नांव तेथील माणसें रोज घेतात. पण त्यांतील 'शाह' फारशी आणि 'पूर' संस्कृत, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नांव वापरतात गांवकरी. तें ठेवण्याचा मान पुष्कळदां परक्यांकडे जातो. हें शहापूर ज्या मुलुखांत वसलें आहे, त्या 'झाडी'च्या नांवाची कथाही अशीच आहे. ती उमजावी म्हणून वाचकांस आम्ही प्रथम स्कॉटलंडांत नेतों.

त्या देशास लॅटिन लेखक 'कॅलेडोनिया' म्हणत. 'कॅलेडोनी' ही तेथील अनेक जमातींपैकीं एक. परंतु टॅसिटसानें इ. स. ९८ च्या सुमारास आपल्या सासऱ्याचें, अग्रिकोलाचें, चरित्र लिहितांना उत्तरेकडील साऱ्या भूमीस तेंच नांव दिलें. त्यापूर्वीं प्लिनीनें नमूद केलें होतें कीं, रोमन सैन्यास ब्रिटनची माहिती कॅलेडोनियन अरण्याच्या आसपासपर्यंतच झाली आहे. हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. जेथें पाहणाऱ्याचें ज्ञान संपलें, तेथें अरण्य सुरू झालें! गेलिक भाषेंत रानाला 'कॉल्य' म्हणतात, म्हणून कित्येकांनीं 'कॅलेडोनिया'चा अर्थ रानवट देश असा लावला. आतां विद्वानांचा कल 'कठीण' ह्या अर्थाच्या वेल्श 'कॅलेद' शब्दाकडे आहे. पुढें आयर्लंडांतून आलेल्या 'स्कॉट' लोकांचें नांव देशास मिळालें, आणि जुनें नांव डंकेल्डसारख्या एखाद्या ग्रामनामांत उरलें.

आतां आपल्याकडे पाहूं. रतनपूरच्या पहिल्या जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखांत लांजिका, भाणार व वैरागर हीं नांवें येतात. म्हणजे लांजी, भंडारा व वैरागड हे प्रदेश तेव्हांही आपापल्या नांवांनीं ओळखले जात होते. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींच्या शिष्यांत नीळभट भांडारेकार होते. असें असतां पश्चिमेकडून पाहणाऱ्यास हीं सारीं गांवें दिसलीं नाहींत; दिसलीं तीं झाडें. म्हणून सारा मुलूख 'झाडी' झाला, आणि 'झाडपी' ह्या विशेषणास अडाणीपणाचा अर्थ चिकटला.

वस्तुतः ह्या झाडींत झाडांइतकेंच पाणीही आहे. कोहळी समाजानें उतारांवर बांध घालून शेकडों तलाव केले, पाट काढले, भातशेती वाढविली. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय ह्याच परंपरेंतला. जमिनीचा उतार ओळखून पाणी अडविणाऱ्यांस जो रानटी म्हणतो, त्याच्याच दृष्टींत कांहीं उणें आहे असें आम्हांस वाटतें.

परंतु शब्दांचें दैव पालटतें. 'कॅलेडोनिया' कवींनीं पुन्हां उचललें. १८२२ सालीं खुल्या झालेल्या कालव्यास 'कॅलेडोनियन' म्हटलें गेलें, आणि रोमनांनीं दिलेलें नांव स्कॉटांचें भूषण झालें. भूगर्भशास्त्रज्ञ एदुआर्द झ्यूस यानें उत्तर युरोपांतील अतिप्राचीन पर्वतरचनेस तेंच विशेषण लावलें. त्याच झ्यूसनें गोंडांच्या मुलुखावरून आलेल्या 'गोंडवन' शब्दानें दक्षिणेकडील एका प्राचीन भूखंडाचें नामकरण केलें! दोन दूरच्या रानांचीं नांवें अशीं एकाच ग्रंथकाराच्या लेखणींत येऊन भेटलीं.

'झाडी'चेंही तसेंच झालें. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा अभ्यास मांडला, तिचीं साहित्यसंमेलनें भरूं लागलीं. दंडार व नाटकें यांनीं रात्र जागविणारी रंगभूमि 'झाडीपट्टी' हेंच नांव अभिमानानें मिरवूं लागली, आणि २०२३ सालीं तिचे कलावंत परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली.

तेव्हां नांव ठेवणाऱ्यानें आपल्या अज्ञानाची सीमा त्यांत नोंदविली असली, तरी तो शब्दाचा पहिला अर्थ होय, शेवटचा नव्हे. आमच्या घरांत एखाद्या पाहुण्याच्या बोलीस कोणी 'झाडपी' म्हणून हसला, तर त्यास त्या तलावांची आठवण द्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.