कुबट वास, चुलीवरची दांडी आणि आपलं कापड

बाहेर पाऊस लागलाय. तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या घरात आत्ता आडवी दोरी बांधलेली असेल आणि तिच्यावर तीन दिवसांचे कपडे लोंबत असतील. त्यांचा वास कसा आहे, ते आम्ही इथे बसून सांगू शकतो. म्हणून आज बचत-कर्ज बाजूला ठेवू. हा कुबट वास घालवायला आपल्या आज्या-पणज्या काय करत होत्या आणि ते कधी सुटलं, ते बोलू.

आम्ही जावळी-पाटणच्या घाटातल्या गटांमध्ये फिरतो. इथून जवळच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा मुलखात पावसाळ्यात कपडे वाळवणं हे उन्हाचं काम नव्हतंच, ते चुलीचं होतं. चुलीच्या वर दोन दोऱ्यांनी बांबूची दांडी टांगलेली असायची. रात्रीची जेवणं झाली की ओली लुगडी-धोतरं तिच्यावर पसरायची आणि खालचा विस्तव राखेखाली धुमसत ठेवायचा. सकाळी कपडे कोरडे, फक्त धुराचा वास. पण धुराचा वास कुणाला खटकत नव्हता, सगळं गावच धुराचं होतं!

बाळंतिणीच्या घरी वेगळी सोय. शेगडीत निखारे, त्यांवर ओवा, शेपा, वेखंड टाकायचं, वर बुरडाची पाटी उलटी घालायची आणि तिच्यावर दुपटी, लंगोट पसरायचे. आमच्यातल्या दोघी-तिघींची बाळंतपणं अशाच पाटीवर निघालीत.

गोधड्या मात्र चुलीवर वाळत नाहीत. त्यांच्यासाठी दोन वेळा ठरलेल्या होत्या. एक पावसाच्या आधी, आणि दुसरी घट बसायच्या आधी. घटाची धुणी म्हटलं की आपण देवीचं नाव घेतो, पण जरा पंचांग बघा. भाद्रपद सरत आलेला, पाऊस मागे हटलेला, नदीला भरपूर पाणी आणि वर कडक ऊन. चार महिन्यांचा ओलावा अंथरुणातून काढायला याहून चांगला आठवडा वर्षात सापडत नाही.

गावाचं मोठं धुणं परटाकडे असायचं. परटाची भट्टी आता कुठे दिसत नाही, म्हणून सांगतो. कपडे आधी खाराच्या पाण्यात भिजवायचे. मग खाली पाणी उकळत ठेवून, त्याच्या वाफेवर कपड्यांचा ढीग रचून रात्रभर शेकायचा. सकाळी नदीच्या दगडावर आपटून खळखळायचा. याची मजुरी सुगीला धान्यात, बलुतं म्हणून. घरोघरचे कपडे गोळा करायला परटीण जायची, पण धुलाईचं नाव तेवढं परटाचं. गाडगेबाबा (१८७६–१९५६) याच समाजातले. आणि हेही सांगायला हवं की ही भट्टी सगळ्या गावाची नव्हती. अस्पृश्य ठरवलेल्या वस्तीचे कपडे परीट घेत नसे. त्या बायकांनी आपलं धुणं राख आणि हाताच्या जोरावरच काढलं.

ही भट्टी किती शहाणपणाची होती, हे अलीकडे कळलं. तुम्ही पाहिलं असेल, टॉवेल कडक वाळला की वास गेल्यासारखा वाटतो, अंग पुसून ओला झाला की तोच वास परत. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी यामागचा जंतू दाखवून दिला. तो सुताच्या आत बसतो, घाम-तेलकटपणा खातो आणि ओल मिळाली की वास सोडतो. नुसतं वाळवून तो मरत नाही, थोडं ऊनही सोसतो. त्याला हवी कढत पाण्याची किंवा वाफेची शेक.

आणि आपण नेमकी तीच सोडली. इंग्लंडमधली सनलाईट वडी १८८८ साली आपल्या देशात आली, १९५९ला सर्फ, १९६९ला गुजरातेतून निरमा. निरम्याने पावडर गरिबाच्या घरात पोचवली, हे मोठंच काम. पण फेस दिसला की कपडे स्वच्छ झाले, असं आपल्याला वाटायला लागलं. गार पाण्यात मूठभर जास्त पावडर टाकतो, ती नीट निघत नाही, आणि त्या चिकट थरावरच मळ धरतो. मग २०१६पासून उज्ज्वलाचा गॅस आला. आम्ही चुलीचं गुणगान करणाऱ्यांतल्या नाही. आमच्या आयांचे डोळे आणि छाती धुरानेच गेली. पण चुलीबरोबर वरची दांडीही गेली, आणि पावसात कपडे वाळवायचे कुठे, हे कुणी विचारलं नाही.

आता करायचं काय? चादरी, टॉवेल, परकर असे सुती कपडे नेहमीसारखे धुऊन घ्या. मग हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात, अर्ध्या बादलीला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास बुडवा. काठीने हलवा, हाताने नको, सोड्याने कातडी सोलते. दोनदा खळखळून घट्ट पिळा आणि दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून वाऱ्यात टाका. वास फारच मुरला असेल तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर चालतो. लोकर, रेशीम आणि रंग जाणारे कपडे यात घालू नका. एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबात कधीही मिसळायची नाही. त्यातून विषारी वायू निघतो, बंद मोरीत तो जिवावर बेततो.

हे सगळं सांगून झाल्यावर मागच्या पावसाळ्यात एका गटात आम्ही विचारलं, "आणि पाळीचं कापड कुठं वाळवता?" बैठकीत एकदम शांतता. मग एकीने परकराखाली सांगितलं, एकीने गोठ्याच्या मागे, एकीने गादीखाली. ज्या कापडाला सगळ्यात जास्त ऊन हवं, त्यालाच ते पिढ्यान्‌पिढ्या मिळालं नाही. ओलसर कापड तसंच वापरायचं, मग खाज, मग पुरळ, आणि डॉक्टरकडे जायचीही लाज. २०१८च्या ८ मार्चला सरकारने अस्मिता योजना आणली, तेव्हा आपल्याच गटांनी पॅड विकले. तरी घरातल्या मोठ्या बायका कापडच वापरतात, आणि नीट धुतलं-वाळवलं तर त्यात वाईट काही नाही.

त्या बैठकीत सगळ्यात म्हाताऱ्या आजी बोलल्या, "आमच्या टायमाला चुलीमागं टाकायचो. तिथं पुरुष येत न्हवता, पर ऊब हुती. आता चूलबी न्हाई आन्‌ उनात टाकायची सोयबी न्हाई. पोरींनी टाकायचं कुठं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी घटाच्या धुण्याला सगळ्या जणी नदीवर गेलो. गोधड्या दगडांवर पसरल्या, दोन झाडांमध्ये साड्यांसाठी दोरी बांधली. तिच्या शेवटच्या टोकाला आजींनी सुनेचं कापड टाकलं, उघडं, वर काही न झाकता. सून लाजून पाण्याकडे बघत बसली. दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा त्या दोरीवर नऊ कापडं होती.