गोणीतली दास्तान

आमच्या वैजापूर तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. घरातली फाटकी उर्दू-अरबी पाने पायदळी येऊ नयेत म्हणून ती गोणीत जमा करायची, गोणी मशिदीच्या कोपऱ्यात ठेवायची आणि भरली की नदीच्या खोल पाण्यात सोडायची, ही आमच्याकडची जुनी रीत. तिला 'ठंडे करना' म्हणतात. कुरआन शरीफच्या जीर्ण पानांची बेअदबी होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्या हेतूबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही.

काही वर्षांपूर्वी अशी एक गोणी नदीवर न्यायला आम्हा तीन उर्दू शिक्षकांना बोलावणे आले. गोणीचे तोंड बांधलेले नव्हते. वरच एक जाडजूड बाड होते. पाठीचे चामडे सुटलेले, पुठ्ठे वाळवीने पोखरलेले, सुरुवातीची चाळीसेक पाने गायब. आम्ही सहज एक पान वाचले. त्यात ना आयत होती, ना हदीस. अम्र अय्यार एका जादूगाराला बेशुद्ध करून त्याचे रूप घेत होता! तो 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा खंड होता. ज्या घरातून तो आला, त्या घराने तो कचरा म्हणून टाकला नव्हता, अदब म्हणून टाकला होता. अक्षर कुरआनासारखे दिसले, एवढे त्यांना पुरेसे होते. ते वाचता येणारे माणूस त्या घरात उरले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही जुन्या दास्तानांचे बांधीव खंड जमवतो आहोत. आमच्या छंदाची बढाई मारण्यासाठी हा लेख नाही. ही पुस्तके आपल्या गावांपर्यंत कशी आली आणि आपल्याच घरांतून कशी गेली, हे वाचकांसमोर ठेवावे, एवढाच हेतू आहे.

हजरत हमजा हे पैगंबर साहेबांचे चुलते. इ. स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. हा इतिहास. दास्तानमधला अमीर हमजा मात्र कल्पनेचा नायक आहे. तो काफ पर्वतावर जातो, देव-दानवांशी लढतो, परीशी लग्न करतो. त्याचा जिवलग अम्र अय्यार याच्याकडे 'झंबील' नावाची पिशवी आहे. तिच्यात अख्खी शहरे मावतात. ही गोष्ट फारसीतून हिंदुस्थानात आली आणि इथेच खरी वाढली. बादशहा अकबराने १५६२ पासून सुमारे पंधरा वर्षे खर्चून तिची कापडावर १४०० चित्रे काढवून घेतली. त्यांतली सुमारे दोनशेच आज शिल्लक आहेत. व्हिएन्ना आणि लंडन येथील संग्रहालयांत त्यांतली बरीच आहेत. लंडनची काही चित्रे १८८१ मध्ये श्रीनगरात सापडली, तेव्हा ती थंडी अडवायला खिडक्यांना लावलेली होती. म्हणजे दास्तानची अशी गत करणारे आपण पहिले नव्हे.

उर्दूत ही दास्तान छापील स्वरूपात आली ती फोर्ट विल्यम कॉलेजमुळे. तिथे १८०१ मध्ये खलील अली खान अश्क यांनी ती लिहिली. पुढे १८५५ मध्ये गालिब लखनवी यांची आणि १८७१ मध्ये अब्दुल्लाह बिलग्रामी यांची आवृत्ती आली. पण खरा विस्तार केला तो लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने. १८५८ मध्ये सुरू झालेल्या या छापखान्यात कुरआन शरीफही छापले जाई आणि हिंदूंचे धर्मग्रंथही. याच मुन्शीजींनी दास्तान सांगणाऱ्या कलावंतांना बसवून दास्तान लिहवून घेतली. १८८३ च्या सुमारास मुहम्मद हुसैन जाह यांनी 'तिलिस्म-ए-होशरुबा' लिहायला घेतली. चार खंड त्यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. मुन्शीजी १८९५ मध्ये वारले, तरी काम थांबले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एकूण ४६ खंड झाले. पाने चाळीस हजारांवर. जगाच्या पाठीवर एवढी लांब अद्भुतकथा क्वचितच छापली गेली असेल.

'होशरुबा' म्हणजे शुद्ध हरपवणारी. अफरासियाब हा जादूगारांचा बादशहा एका मायावी मुलुखावर राज्य करतो. तो मुलुख म्हणजे तिलिस्म. तो तलवारीने जिंकता येत नाही. तो मोडण्याची रीत एका पाटीवर लिहिलेली असते. तिला 'लौह' म्हणतात. ज्याला लौह मिळते आणि वाचता येते, त्याच्याच हातून तिलिस्म मोडते. दूरदर्शनवर १९९४ मध्ये 'चंद्रकांता' ही मालिका आली, तेव्हा गावोगावची मुले अय्यार, अय्यार खेळत होती. देवकीनंदन खत्रींची ती कादंबरी १८८८ ची. तिच्यातले अय्यार आणि तिलिस्म याच दास्तानांच्या घरचे.

आता प्रश्न असा, की लखनौत छापलेले हे खंड वैजापुरात आले कसे? १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि वैजापूरला रोटेगावचे स्टेशन मिळाले. पुस्तकांचे पार्सल रेल्वेने येणे सोपे झाले. ते मागवणारेही केवळ मुसलमान नव्हते. आम्हाला मिळालेला दुसरा खंड एका मराठा घरातून आला. त्या घरातले आजोबा निजामी अमदानीत उर्दू शिकलेले. त्यांच्या नातवाने खंड हाती देताना विचारले, "सर, हे तुमच्या धर्माचे पुस्तक ना?" आम्ही म्हणालो, "नाही भाऊ, हे तुमच्या आजोबांच्या आवडीचे पुस्तक आहे." त्याने ते पुन्हा हातात घेतले आणि आजोबांची सही असलेले पान बराच वेळ पाहत राहिला.

पण दास्तान आपल्याकडे फक्त लखनौहून आली, असे समजणे चूक ठरेल. दख्खनची स्वतःची दास्तान त्याहून जुनी आहे. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीने १६३५ मध्ये 'सबरस' लिहिली. तिच्यात अक्ल, दिल, हुस्न, इश्क हीच पात्रे आहेत आणि अमृताच्या शोधाची गोष्ट आहे. विजापूरच्या रुस्तमीचे 'खावरनामा' १६४९ चे आणि नुस्रतीचे 'गुलशन-ए-इश्क' १६५७ चे. या ग्रंथांची दखनी आणि आपल्या घरातली बोली या सख्ख्या बहिणी. लखनौची उर्दू वाचताना आमच्या विद्यार्थ्यांची दमछाक होते, पण 'सबरस'मधला एखादा शब्द ऐकून ते हसतात. म्हणतात, "सर, ये तो हमारी दादी बोलती!"

ही 'सबरस' जगासमोर आली ती औरंगाबादेतून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातून. मौलवी अब्दुल हक १९१२ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि अंजुमनचे कार्यालय त्यांनी औरंगाबादला आणले. तिथूनच १९२१ मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक निघाले. त्यांनी दखनी हस्तलिखिते घरोघर शोधली आणि संपादित केलेली 'सबरस' १९३२ मध्ये प्रसिद्ध केली. अंजुमन पुढे दिल्लीला गेली. १९४७ च्या दंगलीत तिथले कार्यालय लुटले गेले आणि मौलवी साहेब कराचीला गेले. वैजापूरपासून काही तासांच्या अंतरावर एवढे मोठे काम झाले, आणि आमच्या बी.एड.च्या वर्षात त्याचा एका ओळीने उल्लेख झाला नाही. तो आम्हाला एका रद्दीच्या दुकानात, पुस्तकाच्या आतल्या पानावर 'औरंगाबाद, दकन' असे छापलेले पाहून समजला.

मग ही पुस्तके गेली कशी? १९४८ नंतर उर्दूचे सरकारी महत्त्व संपले, हे एक कारण खरेच. पण सगळा दोष बाहेर टाकून मोकळे होणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. दास्तानची लाज आपल्याला आधीपासून वाटू लागली होती. डेप्युटी नजीर अहमद यांच्या १८७० च्या दशकातल्या 'तौबतुन्नसूह' या कादंबरीत सुधारलेला बाप आपल्या मुलाची किस्से-कहाण्यांची पुस्तके जाळून टाकतो. शहाण्यासुरत्या माणसांनाही ते पटत होते. धर्मनिष्ठांना दास्तान खोटी वाटली, इंग्रजी शिकलेल्यांना बाळबोध वाटली, पुरोगामी लेखकांना दरबारी वाटली. एवढ्या दिशांनी नाक मुरडले गेल्यावर पुस्तक माळ्यावर जाणारच. माळ्यावरून गोणीत, गोणीतून नदीत.

याच काळात मराठीत काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ च्या सुमारास इंग्रजीवरून अरबी कथा मराठीत आणायला सुरुवात केली. त्यांच्या पुस्तकाच्या नावातला 'सुरस व चमत्कारिक' हा शब्दप्रयोग मराठीच्या तोंडी कायमचा बसला. त्याच १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा काळ सुरू झाला. पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनचे 'अरेबियन नाइट्स' सोळा खंडांत मराठीत आणले. म्हणजे अरबस्तानच्या गोष्टी मराठी घरांत सन्मानाने नांदल्या. आणि ज्यांच्या आज्या-पणज्या रात्री त्या तोंडपाठ सांगत होत्या, त्या आपल्या घरांत त्यांना जागा उरली नाही. मराठी आणि उर्दू दोन्ही येणाऱ्या आपल्या पिढीने याचा विचार करायला हवा.

जमवण्याच्या कामात आम्ही काही गोष्टी शिकलो. त्या इथे सांगतो, म्हणजे इतरांना उपयोग होईल. हे खंड दगडावरच्या छपाईचे, म्हणजे शिळाछापाचे आहेत. कातिबाने हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून छापलेला. अरबी आयतींचे नस्ख अक्षर उभे-सरळ असते, उर्दूचे नस्तालीक तिरके उतरते. एवढा फरक ओळखता आला तरी गोणीतले कुरआनाचे पान आणि किश्शाचे पान वेगळे करता येते. शेवटच्या पानावर छापखान्याचे नाव आणि बहुधा हिजरी साल असते. कधी साल आकड्यात नसून एखाद्या ओळीच्या अक्षरांत दडवलेले असते, त्या अक्षरांची अबजद किंमत मिळवली की ते निघते. पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असेल, तर विस्कटलेल्या बाडाचा क्रम त्यावरून जुळतो. जुन्या हस्तलिखितांवर 'या कबीकज' असे लिहिलेले आढळते. किड्यांच्या राजाला घातलेली ती विनवणी! आम्ही कबीकजवर भिस्त ठेवत नाही. कोरडी जागा, सुती कापडाचा बस्ता आणि महिन्यातून एकदा वारा, हे पुरते. चिकटपट्टी मात्र लावू नये, ती पान खाते.

सगळ्यांत मोठा धडा शम्सुर्रहमान फारुकी साहेबांचा. ते टपाल खात्यात अधिकारी होते. नोकरी सांभाळून त्यांनी ४६ च्या ४६ खंड मिळवले, नुसते कपाटात ठेवले नाहीत तर वाचले, आणि १९९९ पासून 'साहिरी, शाही, साहिबकिरानी' या ग्रंथात त्यांची मांडणी केली. त्यांच्याच प्रेरणेने २००५ मध्ये महमूद फारुकी यांनी दास्तानगोईचे प्रयोग पुन्हा सुरू केले. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले होते. मध्ये जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. फारुकी साहेब २०२० मध्ये गेले. आज यातले बरेचसे खंड 'रेख्ता'च्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मग कागद कशाला जपायचा, असे आम्हाला विचारतात. संकेतस्थळावर 'होशरुबा' आहे, पण ती वैजापुरात कोणी वाचली, कोणी समासात निळ्या शाईने 'वाह' लिहिले, हे फक्त आमच्या खंडात आहे. तो आपल्या गावाचा इतिहास आहे.

४६ पैकी आमच्याकडे आज पाच खंड आहेत. त्यांतले दोन अर्धवट. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा सातवीच्या मुलांना आम्ही त्यातले दोन पाने वाचून दाखवतो. अवघड शब्द आले की थांबतो. फळ्यावर उर्दू शब्द, शेजारी त्याचा मराठी अर्थ. मुलांना अम्र अय्यारचे खोटे बोलणे आवडते आणि झंबीलीत काय काय असेल याची यादी ती स्वतः वाढवतात. एका मुलीने त्यात आपल्या अब्बांचा ट्रॅक्टर टाकला.

मशिदीतल्या बुजुर्गांशी बोलून आम्ही आता एवढेच ठरवले आहे, की गोणी नदीवर जाण्याआधी उर्दू वाचणाऱ्या एकाने ती उघडून पाहायची. कुरआनाची पाने अदबीने ठंडी करायची, बाकीचे पुस्तक बाजूला ठेवायचे. कोणाचा विरोध झाला नाही. एका चाचांनी फक्त विचारले, "हे आधी का नाही सांगितले?" मागच्या पावसाळ्यात त्यांनीच दोन गोण्या नदीत सोडल्या होत्या. त्यांत काय होते, हे त्यांनाही माहीत नाही. आमच्या पहिल्या खंडाची ती सुरुवातीची चाळीस पाने आम्ही अजून शोधतो आहोत.