जिभेचे शिक्षण : बिअरच्या हरवलेल्या आणि परत मिळालेल्या चवी

वसंतातील व्याख्यानमालेत बिअर या विषयावर बोलावे, हे कित्येकांना रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. ज्या प्रांताने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, आणि ज्या प्रांतातील कार्यकर्त्यांनी दारूपायी धुळीस मिळालेले संसार डोळ्यांनी पाहिले, तेथे हा संकोच योग्यच आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, कोणी बिअर प्यावी असा उपदेश करण्यास आम्ही उभे नाही. जो पीत नाही त्याने पुढेही पिऊ नये. आमचा प्रश्न इतिहासाचा आहे. एखाद्या समाजाच्या जिभेवरची चव नाहीशी होते ती कशी, आणि ती परत येते ती कोणाच्या बळावर? बिअरच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्टपणे वाचता येते.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या घरी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, तिला मोड आणतात आणि मग ती वाळवून दळतात. सातूच्या जातीच्या बार्ली या धान्यावर हाच संस्कार केला की त्यास माल्ट म्हणतात. माल्ट भरडून कोमट-गरम पाण्यात ठेवला असता त्यातील पिठाची साखर होते. तो गोड काढा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. या फुलांमुळे कडवटपणा व सुगंध येतो आणि पेय टिकतेही. मग ते निववून त्यात यीस्ट घालतात आणि आंबवतात. म्हणजे धान्य, फूल, पाणी व यीस्ट एवढ्या चार गोष्टींचा हा संसार. परंतु धान्य किती भाजले, पाणी कोणत्या विहिरीचे, यीस्ट कोणत्या जातीचे, यांवरून गावोगावची बिअर निराळी होई. अठराव्या शतकात लंडनच्या हमालांनी व कारागिरांनी काळीभोर पोर्टर उचलून धरली. बर्टन या इंग्लिश गावच्या पाण्यात जिप्सम पुष्कळ, म्हणून तेथील फिकट बिअरचा कडवटपणा खडखडीत लागे. याउलट बोहेमियातील पिल्सेन गावचे पाणी अत्यंत मृदू. तेथे १८४२ साली योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने सोनेरी, नितळ बिअर तयार केली आणि तिने पुढे जग जिंकले.

या कथेत आपल्या देशाचेही नाव गुंतलेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसन यांच्या कारखान्यातील फिकट बिअर कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येऊ लागली. १८२० नंतर बर्टनचे कारखानदार या व्यापारात उतरले आणि या बिअरला पुढे 'इंडिया पेल एल' हे नाव पडले. लांबच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून हॉजसन यांनी ती मुद्दाम शोधून काढली, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, पण तिला आधार नाही. गरम हवेत टिकण्यासाठी अधिक हॉप घालण्याची रीत कारागिरांना पूर्वीपासून ठाऊक होती, आणि पोर्टरही हिंदुस्थानात व्यवस्थित पोहोचत असे. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर फिकट बिअर असे, तर सामान्य सोल्जर पोर्टर पीत. पेयाविषयीचे ज्ञान म्हणजे पेयाविषयीच्या दंतकथा नव्हेत, हे जिज्ञासूने प्रथमच लक्षात ठेवलेले बरे.

आता या विविधतेचा ऱ्हास कसा झाला ते पाहू. त्याचा आरंभ एका अत्यंत उपकारक शोधातून झाला, हे नवल होय. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बिअर नासते ती सूक्ष्म जंतूंमुळे, हे दाखवून दिले. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियन हान्सेन यांनी यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवली, आणि ती विद्या त्या कारखान्याने इतरांस मोकळी करून दिली. नासणे थांबले. पण त्याचबरोबर जे वाण गावागावांच्या पिंपांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, त्यांची जागा हळूहळू एकाच सुधारलेल्या वाणाने घेतली. पुढे आगगाडी आली, बर्फाची यंत्रे आली, जाहिरात आली. शंभर गावांना पुरेल एवढी बिअर एकाच कारखान्यात होऊ लागली. आणि जी शंभर गावांत विकावयाची, ती कोणासच फारशी न खटकणारी असावी लागते. अमेरिकेत १८७३ साली चार हजारांहून अधिक कारखाने होते. त्यांतील बहुतेक देशव्यापी दारूबंदीच्या आधीच बंद पडले, आणि १९२० ते १९३३ या काळातील त्या बंदीने आणखी अनेक मोडले. उरलेल्यांना मोठ्यांनी गिळले, आणि १९८० च्या सुमारास ती संख्या शंभराच्याही खाली आली होती. इंग्लंडमध्येही १९६० नंतर सहा मोठ्या कंपन्यांच्या हाती बहुतेक बाजार गेला. पिंपात जिवंत राहून मुरणाऱ्या बिअरऐवजी गाळलेली, तापवून निर्जंतुक केलेली व वायूच्या दाबाने नळातून येणारी बिअर गुत्त्यांत दिसू लागली.

यात कोणी खलपुरुष नव्हता. कारखानदारास टिकाऊ माल हवा होता, ग्राहकास स्वस्त व बिनधोक माल हवा होता. दोघांनाही तो मिळाला. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. इतके गेले, तरी हाकाटी झाली नाही. देवळाचा कळस पडला तर गाव धावते. चव पडली तर कोणास आवाजही येत नाही. जी चव तुलनेला उरली नाही आणि जिला नाव उरले नाही, ती गेली हे कळणार तरी कोणास? 'इंडिया पेल एल'चे तर नाव राहिले आणि वस्तू गेली. विसाव्या शतकात तिचा कस उतरत उतरत इंग्लंडमध्ये ती एक साधी सौम्य बिअर होऊन बसली, आणि बाटलीवरची चिठ्ठी मात्र तीच राहिली.

या पार्श्वभूमीवर बेल्जममधील हूखार्डन गावच्या एका गवळ्याची हकीकत आम्हांस फार मोलाची वाटते. या गावात गव्हाची, पांढुरकी, गढूळ बिअर करीत. तीत धने व वाळवलेली संत्र्याची साल घालीत. एकेकाळी गावात तिचे अनेक कारखाने होते. १९५० नंतरच्या दशकात शेवटचाही बंद पडला. पियेर सेलिस हा त्याच कारखान्याच्या शेजारचा. लहानपणी तो तेथे हाताखाली काम करीत असे. मोठेपणी दुधाचा धंदा करू लागला. गावातील जुनी माणसे त्या बिअरची आठवण काढीत, परंतु करणारे कोणी उरले नव्हते. अखेर १९६६ साली सेलिसने स्वतःच ती पुन्हा करण्यास सुरुवात केली. त्याची खरी पुंजी म्हणजे लहानपणी हाताने केलेले काम आणि जिभेवर राहिलेली खूण. बिअर चालली, परदेशी गेली. १९८५ साली कारखान्यास आग लागली. उभारणीसाठी एका मोठ्या कंपनीचे साहाय्य घ्यावे लागले आणि शेवटी कारखाना तिच्याच हाती गेला. तेव्हा साठी उलटलेला हा गृहस्थ अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे गेला आणि १९९२ साली तेथे तीच बिअर नव्याने करू लागला. २०११ साली तो वारला. आज अनेक देशांत धने-संत्र्याची ही गव्हाची बिअर होते. एका माणसाच्या स्मरणात टिकलेली चव ती. तो नसता तर ती पुस्तकातल्या ओळीपुरती उरती.

परंतु दर गावाला असा गवळी मिळत नाही. स्मरण एकट्याचे असून भागत नाही, ते सार्वजनिक व्हावे लागते. १९७१ साली आयर्लंडात सुटीवर गेलेल्या चार इंग्लिश तरुणांनी पिंपात मुरणाऱ्या बिअरच्या रक्षणार्थ एक संस्था काढली. 'कॅम्रा' या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि तिचे सभासद आज लाखाच्या वर आहेत. चांगली बिअर कोठे मिळते याची यादी ती वर्षानुवर्षे छापत आली. मग १९७७ साली मायकेल जॅक्सन या इंग्लिश पत्रकाराने जगातील बिअरचा मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. (सुप्रसिद्ध गायक तो निराळा.) या ग्रंथकाराने बिअरची वर्गवारी कंपन्यांच्या नावाने न करता प्रकारांनुसार केली: ही कोणत्या कुळातली, कोठली, कशाची, कशी लागते. आपल्याकडे रागांची नावे व लक्षणे ठरलेली नसती, तर ऐकणाऱ्याची जी गत झाली असती ती बिअर पिणाऱ्याची होती; या ग्रंथाने ती पालटली. अमेरिकेत घरी बिअर करण्यास केंद्रीय कायद्याची मुभा १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने मिळाली. घरच्या चुलीवर हात बसलेले अनेक जण पुढे छोटे कारखाने काढते झाले, आणि आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक कारखाने आहेत. 'इंडिया पेल एल'चे नवे, सुगंधी रूप याच मंडळींनी उभे केले.

आता जीभ शिकते कशी, हे थोडक्यात सांगतो. १९४० नंतरच्या दशकात कार्ल्सबर्गमध्येच एक साधी कसोटी रूढ झाली. तीन पेले ठेवावयाचे. दोहोंत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. निराळा कोणता ते डोळे झाकून ओळखावयाचे. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येणारच, म्हणून कसोटी पुनःपुन्हा घ्यावी लागते. ही परीक्षा भल्याभल्यांचा गर्व उतरवते. न पिणाऱ्याने ती दोन प्रकारच्या गुळावर करून पाहावी. १९७० नंतर मॉर्टेन मेलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने बिअरच्या गंध-चवींचे एक चक्र तयार झाले, आणि कारखान्यांतील तज्ज्ञांना समान भाषा मिळाली. लोण्यासारखा वास आला तर आंबवणे नीट पुरे झालेले नाही. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी. उन्हात राहिलेल्या बाटलीला उग्र दुर्गंध येतो, कारण प्रकाशाने हॉपमधील कडू द्रव्ये फुटतात. तपकिरी बाटली वापरतात ती यासाठीच. आणि बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो, तेव्हा तीत केळेही नसते व लवंगही नसते; तो सारा यीस्टचा प्रताप! पाहावे, हुंगावे, मग घोटभर घ्यावे आणि थांबावे. हलक्याकडून गडदाकडे जावे. फार थंड घेऊ नये, कारण थंडीने जीभ बधिर होते. आणि आठवले ते लगेच लिहून ठेवावे. या साऱ्यात पेला लहान असतो, हे श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. ज्याला चव घ्यावयाची आहे त्याला पुष्कळ पिऊन चालत नाही.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. दुर्मीळ बाटली, अधिक कडू बिअर, अधिक महाग बिअर, यांच्या मागे धावणे म्हणजे जाणकारी नव्हे. तो शौक झाला. साधी सोनेरी बिअर निर्दोष करणे किती अवघड आहे, हे ज्याला कळते तो जाणकार. आणि मिळवलेले टिकतेच असेही नाही. १९६५ साली फ्रिट्झ मेटॅग यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील 'अँकर' हा बुडता कारखाना घेऊन नव्या पर्वाचा पाया घातला. तोच कारखाना २०२३ साली बंद पडला.

हे वारे पुण्यासही येऊन पोहोचले. २००९ साली येथे 'डूलाली' हा छोटा कारखाना निघाला. हे नाव मुळात आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचेच, तेथील छावणीत बोटीची वाट पाहून कंटाळलेल्या गोऱ्या सोल्जरांनी मोडून टाकलेले. नाव फिरून घरी आले, ठीक झाले. परंतु त्या पेल्याभोवती बसलेले आमचे तरुण चवीविषयी बोलू लागले की इंग्रजीत बोलतात, याचे आम्हांस वाईट वाटते. खवट, कुबट, करपट, आंबूस, तुरट, मातकट, खमंग, उग्र, दरवळ, घमघमाट! इतक्या बारीक छटांचे शब्द आपल्या आजींनी स्वयंपाकघरात रोज वापरले. ते शब्द त्यांनी शिकवले म्हणून खवट तेल घरात शिरले नाही आणि कुबट तांदूळ पानात पडला नाही. हूखार्डनच्या गवळ्याची कथा आपल्याला सांगते ती एवढेच की, चव प्रथम बोलण्यातून जाते आणि मग पानातून जाते. बिअर प्यावी की न प्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जिभेवर आलेल्या पदार्थाला त्याचे खरे नाव देण्याची सवय मात्र आपण सोडू नये.