प्राणवायूची आकडी

१९४२ साली इटलीचे पाणबुडे रात्री पोहत येऊन जिब्राल्टर बंदरातल्या जहाजांच्या तळाला स्फोटकं चिकटवून जात. ती शोधून काढायला ब्रिटिश नौदलाजवळ मोजकेच पाणबुडे होते. त्यांच्यात येऊन दाखल झालेल्या लायनेल क्रॅब या अधिकाऱ्याला पाण्याखाली उतरायचा अनुभवच नव्हता! तो तिथेच शिकला. साधन होतं तेही बुडालेल्या पाणबुडीतून सुटका करून घेण्यासाठी बनवलेलं.

या साधनात पिशवीभर शुद्ध ऑक्सिजन असे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड एक रसायन शोषून घेई आणि उरलेला वायू पुन्हा श्वासात येई.

पण खोलीबरोबर दाब वाढतो. दहा मीटरवर तो दोन वातावरणांइतका होतो. हवेत ऑक्सिजन एक-पंचमांशच असतो. म्हणजे तिथे शुद्ध ऑक्सिजन घेणाऱ्याच्या फुप्फुसात त्याचा दाब जमिनीवरच्यापेक्षा सुमारे दसपट. एवढ्या ऑक्सिजनने अपस्मारासारखी आकडी येते, आणि पाण्यात आकडी येणं म्हणजे बहुधा मृत्यूच. पुढे भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्वतःवरच असे प्रयोग केले. एका आकडीत त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली.

मग किती वेळ सुरक्षित? केनेथ डोनाल्ड या नौदलाच्या डॉक्टरांनी १९४२ पासून स्वयंसेवक पाणबुड्यांवर शेकडो चाचण्या घेतल्या. आम्हाला त्यांतला एक निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. माणसामाणसांत फरक पडणार हे अपेक्षितच होतं. पण एकाच माणसाची सहनशक्तीही रोज वेगळी निघाली. काल तासभर टिकलेला आज काही मिनिटांत आकडीने तडफडे. त्यामुळे वेळेचा भरवसा देता येईना, आणि मर्यादा घालावी लागली ती खोलीवरच.